सतरा नंबरचा कॅमेरा

"कंबर खाली घ्या बाई. शेळी नाही चालून रायली, तो चालून रायला," दौलतभाऊ म्हणाले.

एप्रिलच्या भर दुपारी मी सागाच्या वाळक्या पानांवर हातागुडघ्यांवर रांगत होते. वय तेवीस, खिशात पदवी, दुसरी पदवी संपत आलेली, आणि वर हा म्हातारा माझ्या चालीत खोड काढतोय. मला हसूही येत होतं आणि रागही. समोर झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधलेला. मी पुढून गेले की त्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा. तो लुकलुकला की समजायचं, कॅमेरा चालू आहे, वाघ गेला तर त्याचाही फोटो निघेल.

ही आमची रीतच. कॅमेऱ्यातलं कार्ड बदललं की आधी पाटीवर तारीख आणि कॅमेऱ्याचा नंबर लिहून ती समोर धरायची, म्हणजे फोटोंची वेळ तपासता येते. मग वाघाच्या उंचीनं, वाघाच्या वाटेनं रांगत जायचं. वन्यजीव व्यवस्थापन शिकणारे आम्ही नऊजण विद्यापीठात दोन वर्षं आकडेमोड, कायदे नि नकाशे घोकत होतो, पण हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. तो गुडघे सोलवटल्यावरच कळतो.

आता मीच हा विषय शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला कोणीतरी विचारतंच, मॅडम, हे शिकून पुढे काय? घरच्यांना वाटत असतं, पोरगी जीपमधून वाघामागे फिरणार. मी त्यांना खरं ते सांगते. जागा थोड्या, माणसं फार. वनखात्याच्या परीक्षा द्याल, नाहीतर एखाद्या संस्थेत लागाल. वर्षातले दहा महिने संगणकापुढे बसाल, उरलेल्या दोन महिन्यांत गावकऱ्यांच्या शिव्या खाल. वाघ दिसलाच तर दिसेल. एवढं ऐकूनही जी पोरं उरतात त्यांना मी शिकवते. पण खुटबोडीत माझ्या हातून काय झालं ते मी वर्गात कधी बोलले नाही.

खुटबोडी हे विदर्भाच्या झाडीपट्टीतलं जंगलाला खेटून असलेलं गाव. माझ्या प्रबंधासाठी तिथल्या जंगलात चोवीस कॅमेरे लावले होते आणि चाळीस दिवस एकही खाडा न पडता ते चालायला हवे होते. मधे एक कॅमेरा बंद पडला तरी सगळा हिशेब कोलमडायचा. त्यातच वनविभागात जीवशास्त्रज्ञाची एक कंत्राटी जागा निघणार होती. आम्ही नऊजण, जागा एक. रेंजर डोंगरवार साहेबांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, तुमचं काम नीट झालं तर मी शिफारस करतो. त्या जागेवर माझा जीव टांगला होता. बार्शीला घरी आई लोकांना सांगूनही मोकळी झाली होती, की आमची वाघांची अधिकारी होणार.

दौलत सिडाम हे खात्याचे वनमजूर, माझ्या मदतीला दिलेले. पन्नाशी उलटलेली, काटक बांधा, बोलणं मोजकं. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून पाटी रोज सकाळी मी लिहायची आणि धरायची त्यांनी. सकाळी सातला निघालो की ठरल्या क्रमानं फिरत सतरा नंबरला पोचायला आम्हाला साडेबारा होत. नाल्याच्या वळणावरची ती जागा मला कधीच आवडली नाही. एका बाजूला वाळक्या बांबूचं बेट, दुसऱ्या बाजूला उघडा दगडी कातळ. बाकी जंगलात निदान पाखरं तरी बोलायची. इथे दुपारी पान पडलं तरी दचकायला व्हायचं.

दौलतभाऊ स्वतः कधी रांगत नसत. एकदा मी वैतागून विचारलंच, तुमचे काय गुडघे झिजतात का? तर म्हणाले, "त्याची चाल आपण चालू नये बाई. चाललं का मंग तो पाहाले येते, कोण नवीन आलं म्हणून."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या आठवड्यात माझा गुडघा चांगलाच फुटला, तेव्हा ते बिचारे मुकाट्यानं खाली वाकले. आणि काय सांगू, त्या माणसाचं रांगणं बघून माझी बोबडी वळली. एक खांदा खाली, मग दुसरा, मान पुढे, नजर जमिनीवर नाही तर समोर. पानांचा आवाजसुद्धा येईना. वरच्या झाडावर वानरं बसली होती. ती एकदम खेकसायला लागली. वानरं तशी खेकसतात ती वाघ-बिबट्या दिसला तरच. ती माणसाला बघून ओरडत होती. दौलतभाऊ झटकन उठले, हात झटकले आणि गावाच्या वाटेला लागले.

अकरा एप्रिलला रविवार होता. शनिवारपासून मी तापानं फणफणले होते. सतरा नंबरचं कार्ड भरत आलेलं, सोमवारपर्यंत थांबलं तर खाडा पडणार. नियम असा होता, की जंगलात कुणीही एकट्यानं जायचं नाही. तो नियम मीच विश्रामगृहाच्या भिंतीवर लिहून लावलेला होता. त्याच भिंतीला टेकून, अंगावर गोधडी घेऊन मी पाटी लिहिली, ११ एप्रिल, कॅमेरा १७, आणि दौलतभाऊंच्या हातात दिली. त्यांचा सुट्टीचा दिवस होता. तरी आले होते.

"कार्ड बदलून येतो," ते म्हणाले. मग दारात घुटमळले. "रांगायचं पण का, बाई?"

"मग चालू आहे का नाही ते कळणार कसं?" मी म्हणाले. जरा तोडूनच म्हणाले. ताप होता, डोकं ठणकत होतं, खरं आहे. पण त्या माणसाची भीती मला कळली होती आणि तरीही मी अंथरुणात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. हेही तितकंच खरं आहे.

ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसं आणि वनरक्षक मिळून गेले, तेव्हा सतरा नंबरपासून ऐंशी पावलांवर, बांबूच्या आत वाघानं ओढून नेलेलं त्यांचं प्रेत सापडलं. त्यांची बायको इठाबाई माणसांबरोबर गेली होती. ती रडली नाही म्हणे. नुसती त्या कॅमेऱ्यापुढे उभी राहून इकडेतिकडे बघत होती.

दुपारी डोंगरवार साहेब माझ्या खोलीवर आले. वाईट माणूस नव्हता तो. दोन वर्षांत निवृत्त होणार होता आणि आपल्या हद्दीत भानगड नको एवढंच त्याला कळत होतं. खुर्ची ओढून बसले आणि मला समजावत राहिले. रविवार होता, हजेरीपटावर नाव नाही, मोहफुलांचा हंगाम आहे. माणूस चोरून मोहफुलं वेचायला आत गेला असं लिहिलं की विषय मिटतो. एकट्याला कामावर पाठवलं असं आलं तर तुमचा अभ्यास बंद, माझी चौकशी, कंत्राटी जागेचं तर नावच काढू नका. मी विचारलं, त्यांच्या घरच्यांचं काय? कामावर असताना माणूस मेला असता तर बायकोला त्याच्या जागी घेतलं असतं, ते म्हणाले, पण आता तो कामावर नव्हताच ना.

"तुम्ही आजारी होता. तुम्हाला काही माहीत नाही. एवढंच," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी मान हलवली. नुसती मान. तोंडातून शब्दही काढायची मला लाज वाटली असावी.

पंचनाम्यात दौलत सिडाम मोहफुलांचा चोर ठरले. ज्या माणसानं तीस वर्षं ते जंगल राखलं तो. जंगल सगळ्यांना बंद झालं, माझे कॅमेरे तसेच आत राहिले, आणि मी विश्रामगृहात बसून प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं लिहीत राहिले. इठाबाईकडे एकदाही गेले नाही. तिचं घर गावाच्या टोकाला, माझ्या खिडकीतून दिसायचं. मी खिडकी लावून घ्यायची.

तेवीस तारखेला, शुक्रवारी, परवानगी मिळाली. सकाळी लवकर जीप काढून, दोन वनरक्षक बरोबर घेऊन आम्ही कॅमेरे सोडवून आणले. सतरा नंबरला मी जीपमधून उतरले नाही. अकराच्या सुमाराला रेंज ऑफिसात परतलो. साहेब चहा सांगायला बाहेर गेले आणि मी लॅपटॉपमध्ये सतरा नंबरचं कार्ड घातलं.

पहिलाच फोटो दौलतभाऊंचा. ११ एप्रिल, दुपारी १२:३८. हातात पाटी, चेहरा नेहमीसारखा गंभीर. १२:४०, ते रांगताहेत. एक खांदा खाली, मान पुढे. १२:४१, वाघिणीची डावी कूस, पट्ट्यांनी सगळी चौकट भरलेली.

मी डोळे मिटून घेतले. पुढे १२ एप्रिलच्या सकाळचे, शोधायला गेलेल्या माणसांचे फोटो भराभर सरकवले, तर १२ एप्रिल, दुपारी १२:४०. कोणीतरी रांगत होतं.

१२ तारखेला तर सकाळी त्यांना बाहेर आणलं होतं. फोटोत ऊन इतकं तिखट, की अंगावरचं कापड नुसतं पांढरं दिसत होतं आणि चेहरा पानांच्या सावलीत. १३ एप्रिल, १२:४०, पुन्हा तेच रांगणं. १४ एप्रिल, १२:३९. मी आकडे नि पुरावे शिकलेली बाई, पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की दौलतभाऊ ड्यूटीवर येताहेत. मी त्यांची ड्यूटी नाकारली म्हणून रोज येऊन दाखवताहेत.

१५ तारखेच्या फोटोत चेहरा वर होता. ती इठाबाई होती.

रांगून झाल्यावर ती गुडघ्यांवर बसली होती आणि दोन्ही हातांनी छातीशी पाटी धरली होती. दौलतभाऊ धरायचे तशीच. पाटी त्या दिवशी कॅमेऱ्याच्या बुडाशी पडली असणार आणि इठाबाईनं ती पदराआड उचलून आणली असणार. पाटीवर माझ्या अक्षरात ११ एप्रिल, कॅमेरा १७. मी मागे जाऊन एकेक फोटो मोठा करून पाहिला. १२ एप्रिलपासून रोज हेच. अकरा दिवस ती नाल्यातून लपत, बंद जंगलात शिरत होती, नेमकी त्याच वेळी. आधी रांगायची, मग पाटी दाखवायची, आणि निघून जायची.

आणि ती गेल्यावर वाघीण यायची.

१२ तारखेला तीन तासांनी आली होती. त्याच वाटेनं, नाक जमिनीला लावून. १३ला दोन तासांनी. १६ला पाऊण तासानं. १९ला बारा मिनिटांनी. २१ला दोन मिनिटांनी. मी फोटोंच्या वेळा एकाखाली एक कागदावर मांडत गेले. काल, २२ एप्रिल, १२:४०. इठाबाई समोर पाटी धरून बसलेली, कॅमेऱ्याकडे बघतेय. तिच्या मागे, चार हातांवर, वाटेच्या मधोमध वाघीण उभी होती. दबा धरलेली नव्हती. नुसती उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होती.

साहेब चहाचे कप घेऊन आत आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो एकच फोटो पाहिला आणि कप टेबलावर ठेवून वर पाहिलं. घड्याळात साडेअकरा वाजत होते. खुटबोडी तिथून सहा किलोमीटर.

"चला," मी म्हणाले. त्यांनी काही विचारलं नाही.

इठाबाई घराबाहेर पडतच होती. लुगड्याचा काष्टा वर खोवलेला, काखेत कापडात गुंडाळलेली पाटी. जीप बघून थांबली, पण पळाली नाही. मी उतरले आणि धापा टाकत तिच्यासमोर उभी राहिले. बारा दिवसांत पहिल्यांदा.

"वहिनी, जाऊ नका. तिथे वाघीण आहे. रोज येतेय."

"जंगल त्याचंच आहे, येईन नाही तं काय करंन," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मले जाऊ द्या बाई. येळ होते."

मी तिला दंडाला धरलं. म्हणाले, कशासाठी हे करताय? तिनं मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे बोट केलं.

"त्याले बाहेर आणलं त्याच सकाळी हे साहेब म्हणे, तो कामावर नोयता. मोहफुलं चोराले गेलता म्हणे. मंग रांगाचं हे काम कोणाचं होतं? डब्यापुढं जे होते ते डब्यात येते, तो मले सांगे. म्हणून मी रोज करून दाखवतो. आज ना उद्या डबा उघडंन, कोणी तरी पाहीन, का हे काम होतं." तिनं कापड सोडलं, पाटी बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. "मले वाचता येत नाही. अक्षर तुमचंच आहे ना बाई?"

अकरा दिवस ही बाई मरणापुढे जाऊन बसत होती, कारण मी एक वाक्य बोलत नव्हते. ती जंगलाला घाबरत नव्हती असं नाही. घाबरत असूनही जात होती. आणि मी खिडकी लावून प्रबंध लिहीत होते.

"माझंच आहे," मी म्हणाले. "मीच पाठवलं त्यांना. एकट्याला. ते नको म्हणत होते तरी रांगा म्हटलं. काम होतं ते. माझंच काम होतं."

"तसं लिहून द्याल?"

"आत्ता देते."

तिच्याच ओट्यावर बसून मी लिहिलं. कागद साहेबांच्या डायरीतला, पेनही त्यांचंच. एकदा ते हलक्या आवाजात म्हणाले, बाई, नीट विचार करा. मी वर पाहिलं तेव्हा ते दुसरीकडे बघत होते. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. सुट्टीच्या दिवशी, नियम मोडून, माझ्या सांगण्यावरून. इठाबाई एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. खाली मी सही केली. साहेबांनी बराच वेळ कागद हातात धरला आणि मग 'माझ्यासमक्ष' म्हणून त्यांनीही सही केली. त्या सहीपायी त्यांची निवृत्ती चौकशीत गेली. माझा प्रबंध रद्द झाला, वर्ष वाया गेलं, कंत्राटी जागा आमच्यातल्याच दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. इठाबाईला पावसाळ्याआधी खात्याच्या रोपवाटिकेत दौलतभाऊंच्या जागी घेतलं आणि पंचनाम्यातला चोर हा शब्द खोडला गेला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी सह्या झाल्या तेव्हा पाऊण वाजून गेला होता. इठाबाईनं आभाळाकडे बघून वेळ जोखली. पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले. आता जायचं कारण नाही, असं ती आपणहून म्हणाली आणि आम्हाला पाणी द्यायला उठली. तांब्या माझ्या हातात देता देता थांबली.

"एक इचारू का बाई? तुमी डबा पाहिला ना समदा?"

मी हो म्हणाले.

"मी रांगत रायलो का मागून पाऊल वाजे. पयल्या दिशी नाही, पण मंग वाजे. रोज जवळ येऊन रायलं होतं. काल तं एवढं जवळ, का मले श्वास ऐकू आला." ती ओट्यावर माझ्या शेजारी टेकली. "मी मागं पाहिलं नाही. मले वाटलं तोच आहे. पाहिलं तं निघून जाईन. डब्यात आला का तो?"

मी साहेबांकडे पाहिलं. मग समोर नुकत्याच सही केलेल्या कागदाकडे. आमच्या विद्येत पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की दिसलं तेच लिहायचं.

"आले ना," मी म्हणाले. "दौलतभाऊच होते. तुमच्या मागे उभे होते, राखणीला."

साहेब जीपकडे चालू लागले. इठाबाईनं पदरानं डोळे पुसले, बारा दिवसांत पहिल्यांदा रडली, आणि मला म्हणाली, पाणी प्या बाई, ऊन फार आहे.